काकांच्या हातची लाईन

पहिल्या भेटीत माणसाने निदान दार तरी लावावं. त्याने तेही केलं नाही. बाहेर भुरभुर पाऊस, आणि हा दार सताड उघडं टाकून आत आला. चिखलाचे बूट थेट काउंटरपर्यंत आणले आणि हातातली गळाची काठी माझ्यासमोर आडवी ठेवली. काठीवरचं पाणी काउंटरच्या काचेवर पसरलं. ती काच मी पाच मिनिटांपूर्वी पुसली होती.

"काका कुठे आहेत?"

"केस कापायला गेलेत."

"कधी येतील?"

"केस कापून झाले की."

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते. मला ते दिसायचं काही कारण नव्हतं... पण दिसले.

"हे रीळ मोडकं आहे," तो म्हणाला. "मागच्याच आठवड्यात इथून घेतलं. काल तळ्यावर आमच्या क्लबची मासे धरायची स्पर्धा होती. गवताच्या कडेला बास जातीचा मासा लागला. तीन किलोचा तरी असेल. मी हँडल फिरवतोय, फिरवतोय, आणि लाईन येतच नाही! मासा आरामात गवतात गेला आणि गळ सोडून निघून गेला. माझे दाजी नावेत बसून हसत होते."

"दाजी हसले त्याला आम्ही काय करणार?"

"रीळ बदलून द्या."

मी रीळ हातात घेतलं. त्याचा ताणाचा स्क्रू आवळून बघितला, नीट होता. मग लाईनचं, म्हणजे गळाच्या दोरीचं, टोक धरून ओढलं. लाईन जिच्यावर गुंडाळतात ती चकती जागच्या जागी, आणि लाईनचा अख्खा गठ्ठा तिच्यावर सुर्रकन फिरला, सैल बांगडी मनगटावर फिरावी तसा. रीळ मोडकं नव्हतंच. विणलेली लाईन कोणीतरी थेट गुळगुळीत चकतीवर गुंडाळली होती. जुनं नायलॉन असं गुंडाळलं तर चालतं, ते धातूला धरून बसतं. विणलेली लाईन रेशमासारखी, ती धरत नाही. आधी चकतीवर नायलॉनचे दहा-बारा घट्ट वेढे द्यायचे, त्याला विणलेली लाईन जोडायची आणि मग भरायचं. हे मला झोपेतही चुकलं नसतं.

आणि हे कोणी भरलं, ते मला कळलं. मागच्या आठवड्यात तीन दिवस मी मावशीकडे गेले होते. दुकानात फक्त बाबा होते, म्हणजे सगळ्यांचे काका.

त्यालाही काहीतरी कळलं असावं. तो काउंटरवर वाकला.

"हे काकांचं काम नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं मी त्यांच्या हातची लाईन वापरतोय. एक वेढा इकडचा तिकडे नसतो. गाठ अशी की हात फिरवला तरी लागत नाही. हे कोणातरी नवशिक्याने भरलंय." जरा थांबून त्याने विचारलं, "तुम्ही भरलंत का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं ज्या हाताचं हा कौतुक करत होता, तो हात त्याच्या नाकासमोर काचेवर होता!

आमच्या दुकानात मागे एक खोली आहे, मध्ये पडदा. बाबा काउंटरवर बसायचे, गिऱ्हाइकाचं रीळ घ्यायचे, "संध्याकाळी घेऊन जा" म्हणायचे आणि पडद्यातून माझ्याकडे सरकवायचे. बाबांना जवळचं दिसेनासं झालं त्याला तीन वर्षं झाली होती. चष्मा लावायचा नाही असा त्यांचा हट्ट. तळ्यावर चाळीस वर्षं काढलेला माणूस चष्मा लावून गाठ मारतोय हे लोकांनी बघावं? छे! मग गाठ मी मारायची आणि संध्याकाळी लोकांनी म्हणायचं, "काकांचा हात म्हणजे काकांचा हात!" मी पडद्याआडून ऐकायची. सुरुवातीला गंमत वाटायची. तिसऱ्या वर्षी वाटेनाशी झाली होती.

पण आता खरं सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या क्लबला कळलं असतं की काकांना दिसत नाही, काकांना विणलेली लाईन भरता येत नाही.

"हो," मी म्हटलं. "मीच भरलं."

"वाटलंच मला," तो म्हणाला. वर शहाणपणा... "राग मानू नका, पण हे काम काकांनाच करू द्या. तुम्ही काउंटर सांभाळा."

राग मानू नका म्हणे!

 त्याच्यासमोरच रिळावरची सगळी लाईन उतरवली, नायलॉन घेतलं, वेढे दिले, जोड मारला आणि दोन बोटांच्या चिमटीत लाईन ताणून भरायला बसले. रागाच्या भरात माझे हात जरा जास्तच वेगाने चालत होते.  त्याची नजर माझ्या हातांवरून हलत नव्हती.

"तुमचं काही काम असेल तर जाऊन या," मी म्हटलं.

"काम नाही."

"चहा प्यायचा असेल..."

"इथे मिळेल?"

"नाही."

तो हसला. मी हसले नाही. रीळ त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "दार लावून जा."

त्याने दार लावलं. अगदी हळू, दोन्ही हातांनी, आणि काचेतून एकदा मागे वळून बघितलं.

गुरुवारी तो पुन्हा आला. बाबा काउंटरवर होते आणि मी पडद्यामागे. त्याचा आवाज ऐकून मी उगीचच केस सारखे केले, आणि मग त्याचाच राग आला.

"काका, गवतात टाकायला काठी हवीय."

काठी निवडायची म्हटलं की बाबा राजे. त्याला डोळे लागत नाहीत. ते काठी हातात घ्यायचे, डोळे मिटायचे, मनगट हलकेच झटकायचे, आणि टोकाचा थरार मुठीपर्यंत कसा येतो त्यावरून काठी सांगायचे.

"उघड्या पाण्यात मऊ काठी चालते," बाबा म्हणाले. "मासा ओढतो, काठी वाकते, नायलॉन थोडं ताणतं, सगळ्यांचं भागतं. गवतात तसं नाही. तिथे माशाला विचार करायला वेळच द्यायचा नाही. काठी कडक, लाईन विणलेली, आणि लागला की सरळ वर! ही घे. हिचं टोक बोलतं, पण कंबर वाकत नाही."

"आणि रिग? लाईनच्या टोकाला काय बांधायचं?"

"रबरी किडा, पुढे शिशाची गोळी. गळाचं टोक किड्याच्या अंगात लपवायचं, म्हणजे गवत अडकत नाही."

"मग एक बांधून द्या ना. इथेच. बघून शिकतो."

 पडद्याच्या फटीतून मी पाहिलं. बाबांनी गळ हातात घेतला. हात लांब केला. अजून लांब केला. मग खिडकीकडे वळले. लाईनचं टोक गळाच्या नेढ्याच्या डावीकडून गेलं, मग उजवीकडून गेलं.

"इथे उजेड नाही," बाबा म्हणाले. "आत बांधून आणतो."

आत आमच्याकडे एक दिवा आणि एक बंद खिडकी आहे. बाबांनी न बोलता गळ माझ्या हातावर ठेवला. मी बांधला. ते बाहेर गेले.

"हे घे. झालं."

तो बराच वेळ रिग न्याहाळत होता. मग म्हणाला, "काका, डोळे कधी तपासले होते?"

बाबांनी मान झटक्यात वर केली.

"माझे डोळे?" बाबांचा आवाज चढला. "पाण्याखाली पुरुषभर खोल मासा कुठे वळला ते सांगतो मी! काल गळ धरायला शिकलेली पोरं माझे डोळे तपासणार? काठी घ्यायची तर घे, नाहीतर चालता हो!"

तो काठी घेऊन निघाला, आणि मी मागच्या दाराने बाहेर पडून कोपऱ्यावर त्याला गाठलंच.

"तुम्हाला काय गरज होती? माझ्या बाबांना असं तोंडावर..."

"गरज होती," तो म्हणाला. "माझं कामच ते आहे. चौकातलं चष्म्याचं दुकान माझं. माणूस कागद किती लांब धरतो ते बघून मला नंबर सांगता येतो. काकांना हातातला गळ दिसत नाही."

"ओरडू नका!"

"तुम्हीच ओरडताय."

मी आजूबाजूला बघितलं. फुटपाथवरची एक बाई पिशवी खाली ठेवून आमच्याकडे बघत उभी होती. मी आवाज खाली आणला.

"बरं, मग? पुढे?"

"पुढे असं की सोमवारी तुम्ही खोटं बोललात. ते रीळ तुम्ही भरलं नव्हतं. माझ्यासमोर तुम्ही जसं भरलंत, तशी माझ्याकडे आणखी सहा आहेत. मी घरी जाऊन सगळी काढून बघितली." तो थांबला. "दोन वर्षं मी त्या हाताचं कौतुक करत होतो, आणि त्याच हाताला म्हटलं की काउंटर सांभाळा. मला... फार लाज वाटली."

हे असं काही तो बोलेल याची माझी तयारी नव्हती. भांडायला आलेल्या माणसाशी समोरच्याने भांडावं. मध्येच असं बोलू नये.

"क्लबात काही सांगितलंत का?" मी विचारलं.

तो खाली बघायला लागला.

"सांगितलंत!"

"सोमवारीच. सेक्रेटरींना. की पोरीने भरलं म्हणून मासा गेला. उद्या जाऊन सांगतो की तसं नव्हतं..."

"मग कसं होतं म्हणून सांगाल? बाबांचं नाव घ्याल?"

"मग काय सांगू?"

"काहीही सांगू नका! आजपर्यंत सांगितलंत तेवढं पुष्कळ झालं."

मी पाय आपटत परत आले. जिन्यात आत्या भेटली. आत्या वरच्या मजल्यावर राहते, आणि तिची खिडकी रस्त्यावर आहे.

"कोण होता गं?"

"कोणी नाही. एक उद्धट माणूस."

"हो का? उद्धट माणसाशी वीस मिनिटं बोलत होतीस."

शनिवारी क्लबचे सेक्रेटरी आले. पुढच्या रविवारी मोठी स्पर्धा होती. सभासदांची बारा रिळं एका पिशवीत घालून त्यांनी काउंटरवर ठेवली. त्यांच्यामागे तो उभा होता. आज बूट स्वच्छ होते.

"काका, बाराही भरून हवीत," सेक्रेटरी म्हणाले. "पण एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. पोरीला हात लावू देऊ नका. परवा हिच्यामुळे ह्याचा तीन किलोचा मासा गेला. सगळ्या क्लबात तीच चर्चा आहे."

मी पडदा बाजूला करून उभी होते. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"कुठलं रीळ?" त्यांनी विचारलं.

"काळं, मागच्या आठवड्यात नेलं ते. विणलेली लाईन थेट चकतीवर गुंडाळली होती. सगळी घसरली."

बाबांचा चेहरा उतरला. त्यांना आठवलं. मी मावशीकडे होते, रीळ त्यांनीच भरलं होतं, हे त्यांना लख्ख आठवलं. मला ते दिसलं. सेक्रेटरींच्या मागे त्याचं तोंड उघडलं होतं, पण मी डोळे वटारले तसं त्याने मिटलं. आता बाबा बोलतील, मला वाटलं. एक वाक्य. एवढंच.

बाबांनी पिशवी जवळ ओढली.

"बरं," ते म्हणाले. "मीच भरतो."

सेक्रेटरी समाधानाने गेले. तो दारात घुटमळला, माझ्याकडे बघत राहिला, पण त्याच्याकडे बघायला माझे डोळे कोरडे राहायला हवे होते, म्हणून मी बघितलं नाही.

दार लागल्यावर बाबांनी नेहमीसारखी पिशवी पडद्याकडे सरकवली.

मी ती उचलली आणि परत काउंटरवर ठेवली.

"तुम्हीच भरणार ना? भरा."

"अगं..."

"मी हात लावायचा नाही, असं ठरलंय. तुमच्यासमोर ठरलं. तुम्ही बरं म्हणालात."

तीन वर्षं गाठी मारल्या आणि श्रेय मागितलं नाही. चूकही माझ्या नावावर घेतली, तीही आपणहून. पण ती माझ्या नावावर असताना ते शेजारी बसून 'बरं' म्हणतील हे मी धरलं नव्हतं. मी वर गेले. आत्याच्या स्वयंपाकघरात जेवढी भांडी होती तेवढी घासली, घासलेली परत घासली. आत्याने दोन पातेली माझ्या हातून काढून घेतली.

"त्यांना पोचे येतील," ती म्हणाली. "भांडण माझ्या भावाशी आहे ना? मग त्याचं पातेलं आपट."

सकाळी खाली आले तर दुकान बंद. पिशवी काउंटरवर होती. अकरा रिळं तशीच, आणि बारावं उघडं पडलेलं. त्याच्यावर नायलॉनचे चार वाकडे वेढे, आणि पुढे विणलेल्या लाईनचा एवढा मोठा गुंता की त्यात चिमणीने संसार थाटला असता. जोड कुठे बसलाच नव्हता. बाबांनी बराच वेळ प्रयत्न केलेला दिसत होता.

माझा राग तिथेच थोडा लटपटला. बाबांना शोधायला मी न्हाव्याकडे जाऊन बघितलं. धक्क्यावर बघितलं. नावा बांधलेल्या, माणूस नाही. परत येताना चौकातून आले, तर चष्म्याच्या दुकानाचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून बाबांचा आवाज येत होता.

"ही शेवटची ओळ कोणालाच वाचता येत नसणार! ही तुमची धंद्याची युक्ती आहे!"

"काका, ती ओळ तुम्ही आत्ताच वाचलीत."

"अंदाजाने वाचली."

मी दारातच थांबले. बाबा उंच खुर्चीत बसले होते. नाकावर तपासणीची लोखंडी चौकट, तिच्यात गोल भिंगं. तो समोर वाकून एक भिंग काढत होता, दुसरं घालत होता. किती हळुवारपणे... माझ्या रागीट म्हाताऱ्याच्या कानाला चौकट टोचू नये म्हणून त्याने तिथे स्वतःचं बोट धरलं होतं.

"ते काळं रीळ मी भरलं होतं," बाबा एकदम म्हणाले. "आमच्या वेळी नायलॉन होतं. थेट गुंडाळायचं, बसायचं. मला वाटलं, हीही बसेल. चूक माझी. आणि काल त्या माणसासमोर माझी जीभ उचलली नाही. पोरीने माझ्याकडे बघितलं, आणि मी बरं म्हणालो."

त्याने भिंग बदललं. फक्त म्हणाला, "आता बघा. हे चांगलं की आधीचं?"

"हे."

"मग दाराकडे बघा."

बाबा वळले. मी अंग चोरून उभी होते. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इकडे ये."

मी गेले. त्यांनी माझे हात हातात घेतले, उलटे केले, भिंगांसमोर धरले. ताणलेली विणलेली लाईन बोटं कापते. माझ्या दोन्ही तर्जन्यांवर आडव्या बारीक चिरा होत्या, काही जुन्या, काही ताज्या.

"हे कधीपासून?"

"तीन वर्षं."

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का नाहीत?"

 मग, आमच्या घरात रडू आलं की जे करतात तेच बाबांनी केलं. ते चिडले.

"फोन कुठे आहे तुझा?" ते त्याच्यावर खेकसले. "सेक्रेटरीला लाव! आत्ता!"

लोखंडी चौकट नाकावर तशीच, आणि बाबा उभं राहून फोनवर ओरडत होते. "मी बोलतोय! ते काळं रीळ मी भरलं होतं. मी! ऐकू येत नाही का? आणि मागच्या तीन वर्षांत तुमच्या क्लबाची जेवढी भरली, ती सगळी माझ्या मुलीने. होय, तिनेच! आता ती बारा रिळं तिने भरावीत असं वाटत असेल तर दुकानात येऊन तिला विचारा. नीट विचारा. ती हो म्हणाली तर तुमचं नशीब!"

फोन आपटला आणि आरशासमोर जाऊन फ्रेम बघायला लागले. पहिली म्हाताऱ्यांची म्हणून नाकारली, दुसरी पोरकट म्हणून.

मी डोळे पुसत होते. त्याने माझ्यासमोर भिंगं पुसायचं मऊ फडकं धरलं.

"हे काय?"

"रुमाल नाहीये माझ्याकडे."

मी ते घेतलं. तो काउंटरच्या पलीकडे, मी अलीकडे. आज दुकान त्याचं होतं, त्यामुळे मला जरा अवघडल्यासारखं झालं.

"पुढच्या रविवारी..." तो म्हणाला आणि थांबला. एक चष्मा उचलला, परत ठेवला. "स्पर्धेत नावेत दोघं लागतात."

"माहीत आहे. तुमचे दाजी असतात."

"असायचे. त्यांना सांगितलं, उतरा."

"का? हसले म्हणून?"

"नाही. मला शेजारी तू..." त्याचे कान लाल झाले. "तुम्ही हव्या आहात म्हणून."

"आधी काय म्हणालात?"

"तू."

"मग तेच राहू दे."

बाहेर ऊन आलं होतं. त्याच्या दुकानातल्या सगळ्या काचांवर ते एकदम पडलं, आणि मला नेमकं कुठे बघावं कळेना, म्हणून मी त्याच्याकडे बघितलं.

"रिळासाठी नाही म्हणत," तो घाईने म्हणाला. "लाईन भरून देतेस म्हणून नाही. त्या सोमवारी तू मला दार लावून जा म्हणालीस ना... तेव्हापासून मी घरी गेलो तरी तुझ्याशीच भांडतोय. मनातल्या मनात. आणि रोज हरतोय. मला तू आवडतेस."

माझ्या छातीत रीळ सुटल्यासारखं झालं. तरी काहीतरी खटकलं, आणि जे खटकलं ते मी पोटात ठेवत नाही, हे त्यालाही एव्हाना कळायला हवं होतं.

"थांबा. म्हणजे दाजींना आधीच उतरवलंत?"

"हो."

"कधी?"

"गुरुवारी. तू कोपऱ्यावरून ओरडून गेलीस, त्यानंतर."

"मला न विचारता? मी हो म्हणेन हे धरूनच?"

"...हो."

"म्हणजे इतकी खात्री! मी काय तुमच्या नावेत बसायला टपून बसले होते? सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला उतरवलंत, आणि मला हे आज कळतंय?"

"चुकलं," तो म्हणाला. चेहरा अगदी पडला होता, पण डोळ्यांत काहीतरी लुकलुकत होतं. "परत बोलावू का त्यांना?"

"बोलावून तर बघा!" मी म्हटलं.